लीड, लिफ्ट आणि कंबर

एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा साधा स्लॅब घ्या. गडहिंग्लजच्या नव्या वसाहतींमध्ये असे स्लॅब सर्रास पडतात. त्यात सुमारे १२ घनमीटर काँक्रीट बसते. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन साधारण २४०० किलो. म्हणजे बीम धरले नाहीत तरी एका दिवसात २८ टन माल जागेवर पोचवायचा असतो. घमेल्यात वीस किलो धरले तर ही चौदाशे घमेली झाली. लिफ्टचा मिक्सर आल्यापासून यातला उभा प्रवास पुष्कळ वाचला आहे. पण मिक्सरमध्ये वाळू आणि खडी पडते ती घमेल्यानेच, आणि वर पोचलेला माल स्लॅबच्या दूरच्या कोपऱ्यापर्यंत जातो तोही घमेल्यानेच. जवळजवळ तेवढेच टन दोनदा माणसांच्या हातांतून जातात. सळईचे वजन किलोत नोंदले जाते, सिमेंटच्या गोण्या मोजल्या जातात, क्यूब भरून तपासणीला जातात. कोणी, किती वजन, किती वेळा उचलले हे मात्र साइटच्या एकाही वहीत सापडत नाही.

बांधकामावर उंचावरून पडणे, शॉक बसणे, माती ढासळणे यांना अपघात म्हणतात, कारण ते एका क्षणात घडतात. कंबर मात्र एका क्षणात जात नाही. आधी उसण भरते, मग चार दिवस तेल चोळून आणि गोळी खाऊन काम चालते, मग सकाळी उठताना गुडघे धरतात, आणि एखाद्या हंगामात तो गवंडी किंवा ती बिगारी बाई कामावर येतच नाही. मुकादम दुसरे माणूस आणतो. ठेकेदाराच्या लेखी काहीच घडलेले नसते. कायद्याच्या लेखीही फारसे वेगळे नाही. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या २९ रोगांची यादी होती. आवाजामुळे येणारे बहिरेपण तिच्यात होते, शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता. वजन उचलून झिजलेल्या मणक्याला तिथे जागा नव्हती. ज्याची नोंद होत नाही त्याची भरपाई होत नाही, आणि भरपाई नसेल तर ते टाळण्यासाठी आधी खर्च करायला कोणी तयार होत नाही.

वजनाची मर्यादा कायद्यात आहे, ती मात्र माहीत असायला हवी. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रौढ पुरुषाने एकट्याने ५५ किलोपेक्षा आणि प्रौढ स्त्रीने ३० किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. तीन किलोच्या दहा विटा डोक्यावर घेतल्या की बाईची मर्यादा संपली. अकरावी वीट ठेवली जाते तेव्हा नियम मोडलेला असतो, आणि अकरावी वीट रोज ठेवली जाते. आजरा-चंदगडकडच्या बांधकामांवर जांभ्याचे चिरे लागतात. त्यांतला एकेक चिरा आकारानुसार पंचवीस-तीस किलोंपर्यंत भरू शकतो, आणि तो पायांजवळून उचलून छातीएवढ्या भिंतीवर बसवायचा असतो.

पण या मर्यादेत एक मोठी उणीव आहे. ती एका खेपेचे वजन सांगते. खेपा किती, कुठून कुठे आणि कोणत्या अवस्थेत, याबद्दल काही सांगत नाही. अमेरिकेतील निऑश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले उचलण्याचे सूत्र नेमके हेच मोजते. सगळे अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगालगत असेल, कमरेच्या आसपासच्या उंचीवर असेल, अंग पिळावे लागत नसेल आणि पकड चांगली असेल, तर दोन हातांनी उचलायला २३ किलो ही त्या सूत्राची कमाल शिफारस आहे. तेच वजन शरीरापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर धरले की शिफारस निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. जमिनीवरून उचलले, बाजूला वळून ठेवले, मिनिटाला अनेकदा तेच केले, की ती आणखी खाली जाते. ५० किलोची सिमेंटची गोणी आपल्या पुरुषांसाठीच्या नियमात बसते. या सूत्रात ती कुठेच बसत नाही. वरच्या हिशोबातल्या स्लॅबला अशा नव्वदहून अधिक गोण्या लागतात. त्यातली प्रत्येक गोणी ट्रकमधून दुकानात, दुकानातून टेंपोत, टेंपोतून साइटवर आणि तिथून मिक्सरपाशी अशी चार वेळा उचलली जाते.

गोणीचे वजन हा निसर्गनियम नव्हे, तो कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. बाजार समित्यांमध्ये एकेकाळी शंभर किलोचे पोते हमालाच्या पाठीवर असे आणि साखरही क्विंटलच्या पोत्यात भरली जाई. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पोते ५० किलोचे करा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. आज साखरेचे पोते ५० किलोचे आहे. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० वरून ४५ किलोंवर आली, तीही शेतकऱ्याने खत कमी टाकावे म्हणून. हमालाची पाठ त्या निर्णयाच्या विचारातही नव्हती. तरी कारखान्यांची भरणयंत्रे बदलली आणि वाहतूक सुरळीत चालली. ब्रिटनमध्ये सिमेंटची गोणी पूर्वी ५० किलोची होती, आता ती २५ किलोची मिळते. आपल्याकडे भारतीय मानकात लहान गोण्यांची तरतूद आहे. मागणी करणारा ठेकेदार मात्र दिसत नाही. तालुक्यातल्या ठेकेदारांनी एकत्र येऊन विक्रेत्यांकडे २५ किलोच्या गोणीचा आग्रह धरावा, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

सुरक्षिततेच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी दोन उपाय होतात. एक, कामगारांना गोळा करून "गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा" असे सांगणे. दोन, कमरेचे पट्टे वाटणे. पट्ट्यांमुळे इजा टळते याला पुरावा नाही, असे निऑशने १९९४ मध्येच जाहीर केले होते. पुढे अमेरिकेतल्या किरकोळ दुकानांच्या कामगारांवर झालेला मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्यात फरक दिसला नाही. पाठ ताठ ठेवण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण सळई जमिनीवर पसरलेली असताना ती ताठ पाठीने कशी बांधायची? फिटर दिवसभर कमरेत दुमडलेला असतो, कारण काम तिथे मांडलेले असते. ते तिथे मांडण्याचा निर्णय त्याचा नसतो.

म्हणूनच हा विषय अभियंता, ठेकेदार आणि मुकादम यांचा आहे. सळई कापण्या-वाकवण्याचे काम कमरेच्या उंचीच्या टेबलावर आणणे हा लाकडाच्या चार ओंडक्यांचा आणि एका फळीचा खर्च आहे. जमिनीवरच्या जाळीसाठी लांब दांड्याची बांधणीची हत्यारे मिळतात. गवंड्याच्या विटा आणि मसाल्याची पाटी पायाशी ठेवण्याऐवजी घोडीवर, गुडघ्याच्या वर ठेवली तर प्रत्येक विटेमागचे एक पूर्ण वाकणे वाचते; दिवसाला शेकडो विटा लावणाऱ्या माणसासाठी हा फरक अफाट आहे. सिमेंटची थप्पी फळ्यांवर रचतातच, कारण ओल लागू नये. तीच फळी दीड-दोन फूट वर नेली तर खालची गोणी घोट्यापासून उचलावी लागत नाही. वाळू-खडीचा ढीग मिक्सरला लागून पाडायला ट्रकवाल्याला दोन मिनिटे जास्त लागतात. फरशी बसवणाऱ्याला गुडघ्यांचे पॅड आणि बुटके स्टूल द्यायला हवे. व्हायब्रेटर आणि ब्रेकर एकाच माणसाच्या हातात दिवसभर राहू नये, कारण त्याची थरथर बोटांच्या नसांपर्यंत जाते. आणि दोन मजल्यांच्या बंगल्यालाही भाड्याची छोटी लिफ्ट लावता येते. ती फक्त स्लॅबच्या दिवशी न आणता विटा, वाळू आणि फरशीसाठीही ठेवावी.

अडचण पैशांची कमी आणि कामाच्या पद्धतीची जास्त आहे. उक्त्याने दिलेल्या कामात जितक्या लवकर उरकेल तितकी कमाई, म्हणून घमेले शिगोशीग भरते आणि जेवणाची सुट्टी आखडते. दर ठरवणाऱ्यानेच हा घाईचा मोबदला ठरवलेला असतो. गडहिंग्लजपासून कर्नाटकची हद्द अगदी जवळ आहे आणि साइटवर कन्नड बोलणारी माणसे असतात. त्यांना सूचना समजतील अशा भाषेत द्यायला हव्यात, आणि मर्यादेपेक्षा जास्त भरलेले घमेले नाकारण्याची मुभा मुकादमाने सर्वांसमोर द्यायला हवी.

यासाठी नवे शास्त्र शिकण्याचीही गरज नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत लीड आणि लिफ्ट असतातच. माल किती दूर न्यायचा आणि किती वर चढवायचा, हे प्रत्येक अंदाजपत्रक करणारा अभियंता मोजतो, कारण त्यावर दर ठरतो. निऑशच्या सूत्रातले अंतर आणि उंची हे घटक त्याच जातीचे आहेत. म्हणजे अर्धी मोजणी आपल्या हातात आधीच आहे. ती आजवर फक्त बिलासाठी वापरली गेली. साइटचा नकाशा काढताना त्याच आकड्यांवरून वाळूची जागा, मिक्सरची जागा, लिफ्टची जागा ठरवली तर माणसाच्या वाट्याला येणारी उचल काम सुरू होण्यापूर्वीच कमी करता येते.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातल्या वाचक अभियंत्यांना आणि ठेकेदारांना म्हणून एक विनंती आहे. पुढच्या एका स्लॅबच्या दिवशी तागडी किंवा वजनकाटा साइटवर न्यावा. भरलेल्या दहा घमेल्यांचे वजन करावे, ते किती उंचीवरून उचलले जाते हे टेपने मोजावे, एका कामगाराच्या तासातल्या खेपा मोजाव्यात आणि कामगाराचे नाव न लिहिता हे आकडे मासिकाकडे पाठवावेत. पुढच्याच स्लॅबला घमेले लहान करून, ढीग जवळ पाडून तीच मोजणी पुन्हा करावी. दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापण्यासाठी येत्या अंकांत पाने राखून ठेवली आहेत.