नागाला तळटीप नको

जादू हा रोजच्या जगण्याचा भाग असलेलं जग उभं करायचं, असं ठरवून लिहिलेल्या अद्भुतकथा अलीकडे बऱ्याच वाचनात येतात. त्यांत जादू भरपूर असते, रोजचं जगणं नसतं. शक्ती कुठून येते, तिचे प्रकार किती, मंत्राची किंमत काय, याची कोष्टकं मात्र असतात. आणि पात्रं दर दोन पानांनी थक्क होतात. ज्याने माणूस थक्क होतो, ते रोजचं कसं?

नागपंचमीची कहाणी आठवा. श्रावणात साऱ्या सुना माहेरी जातात. धाकटीला माहेरच नाही. नाग तिचा मामा बनून येतो, सासऱ्याच्या परवानगीने तिला घरी नेतो. नागीण बाळंत होताना ती दिवा धरते. वळवळणारी पिल्लं पाहून घाबरते, दिवा पडतो, पिल्लांची शेपटं भाजतात. तिला भीती वाटते ती वळवळीची. नाग बोलतो याची नाही. वारुळात संसार कसा मावतो, हे कोणी विचारत नाही. कहाणीचा प्रश्न वेगळा आहे : माहेर नसलेल्या बाईने श्रावणात जायचं कुठे?

नियम नसतील तर काहीही घडेल आणि कशालाच वजन उरणार नाही, असं यावर म्हटलं जातं. पण इथे नियम आहेत. ते नात्याचे आहेत. भाजलेली पिल्लं मोठी होऊन डूख धरून येतात. ती पाटावर नाग काढून आपल्या या भावांचं भलं मागताना दिसते, तेव्हा निवळतात. याहून कडक नियम कोणत्या कोष्टकात आहे?

व्रतकथेतच हे चालतं असंही नाही. उर्सुला ल ग्विन यांच्या 1968 सालच्या अर्थसीच्या पहिल्या कादंबरीत जादूचे नियम काटेकोर आहेत. तरी शिकून तयार झालेला गेड कोळ्यांच्या होड्यांवर मंत्र घालतो. मार्केसच्या 1967 च्या कादंबरीत रेमेदिओस चादरींसकट आकाशात जाते, तर फर्नांडाला चिंता चादरींची.

खरा राग मला संपादकांचा येतो. अशी कहाणी दुसऱ्या भाषेत नेली की ते विचारतात, नाग हे कशाचं प्रतीक? एक तळटीप द्या. नाहीतर सरळ 'जादुई वास्तववाद' ही चिठ्ठी डकवतात. तळटीप पडली की कहाणी सांगणारी बाई भोळी ठरते आणि वाचक शहाणा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही कथनरीत घडवली, त्या बायकांच्या पदरी कारागिरीऐवजी श्रद्धा तेवढी टाकली जाते.

तळटीप द्यायचीच असेल तर 'माहेर' या शब्दाला द्या. इंग्रजीत त्याला शब्द नाही. नाग तर कोणालाही कळतो.