जे वाचले, त्यांचेही देणे

दरवर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातील हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. राज्यपाल, मुख्यमंत्री, वरिष्ठ अधिकारी येतात, शहीद पोलिसांचे कुटुंबीय येतात, सलामी होते. २००८ च्या त्या रात्री सुरू झालेल्या आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत चाललेल्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांना शहराने अशी मानवंदना द्यावी हे योग्यच आहे आणि त्यात कधी खंड पडू नये. पण याच दिवशी आणखी काही माणसांची आठवण ठेवायला हवी. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. लढण्याचे प्रशिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. त्यांतले बरेच जण त्या रात्रीतून वाचले, दुसऱ्या दिवशी घरी गेले, काही दिवसांनी पुन्हा कामावर रुजू झाले. मेलेल्या वीरापुढे कसे उभे राहायचे हे आपल्याला माहीत आहे. जिवंत राहिलेल्या साध्या शूराशी कसे वागायचे, हे मात्र आपल्याला अजून नीट उमगलेले नाही.

विष्णू दत्ताराम झेंडे हे त्यांतले एक नाव. मध्य रेल्वेचे उद्घोषक. रात्री दहाच्या सुमारास तेव्हाच्या सीएसटीवर मेल-एक्स्प्रेसच्या बाजूने स्फोटाचा आणि गोळीबाराचा आवाज आला तेव्हा ते उपनगरी फलाटांकडे पाहणाऱ्या आपल्या केबिनमध्ये होते. त्या वेळी लोकल येत होत्या, त्यांतून माणसे उतरत होती आणि नेहमीच्या सवयीने मुख्य दाराकडे, म्हणजे थेट बंदुकांच्या दिशेने चालू लागत होती. झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून सांगायला सुरुवात केली की कोणीही समोरच्या बाजूला येऊ नका, फलाट क्रमांक एककडून मागच्या बाजूने बाहेर पडा. ते हे सांगत राहिले, पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या केबिनच्या दिशेनेही गोळ्या आल्या. त्या स्थानकावर ५० हून अधिक माणसे मारली गेली, शंभरावर जखमी झाली. लोकलच्या फलाटांवरची गर्दी त्याच वाटेने पुढे येत राहिली असती तर काय झाले असते, याचा हिशेब कोणालाही मांडता येणार नाही. वाचलेल्या माणसाला तर आपण त्या आवाजामुळे वाचलो हे कदाचित ठाऊकही नसेल. उशीर झाला, घरी बायको वाट पाहते आहे, म्हणून तो मागच्या दाराने निघून गेला.

स्थानकावरून मारेकरी बाहेर पडले ते पादचारी पुलावरून उतरून कामा रुग्णालयाकडे. बायका आणि मुलांसाठीचे हे जुने सरकारी रुग्णालय. तिथे फाटकाजवळ बबन उघडे आणि भानू नारकर हे दोन रखवालदार मारले गेले. पहिल्या मजल्यावर प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या ताब्यात २० गरोदर स्त्रिया होत्या. खिडकीतून त्यांना बंदूकधारी दिसले, खाली पडलेले रखवालदार दिसले. एक सहकारी गोळी लागून जखमी झाली, तिला उपचारासाठी पोहोचवून त्या परत आल्या. परत आल्या, हे महत्त्वाचे. मग कक्षाचे जड दरवाजे लावले, दिवे मालवले आणि त्या वीसही जणींना टोकाच्या लहानशा पॅन्ट्रीत नेऊन बसवले. वर गोळीबार चालू, हातबॉम्बच्या हादऱ्यांनी इमारत थरथरत होती आणि अशात एकीला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला. कुलथे तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने, प्रसूतिकक्षापर्यंत घेऊन गेल्या. बाळंतपण सुखरूप झाले. सकाळी पोलीस आले तेव्हा वीसही जणी जिवंत होत्या.

या दोन्ही हकिकती एकापाठोपाठ वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. झेंडे यांनी आणि कुलथे यांनी जे केले ते त्यांच्या रोजच्या कामाचेच टोक होते. लोकांना कुठे जायचे ते सांगणे हे उद्घोषकाचे काम आणि कुठल्या फलाटाकडून मागे निघता येते हे त्याला पाठ असते. रुग्णाला सुरक्षित जागी हलवणे हे परिचारिकेचे काम, आणि आपल्या कक्षात सर्वात आडोशाची खोली कोणती हे तिच्याइतके कोणाला माहीत? ताजमध्येही तेच झाले. पाहुण्यांना ज्यांनी वाचवले त्या वाढपी, आचारी, दूरध्वनीवर बसलेल्या मुलींना हॉटेलचे मागचे जिने आणि स्वयंपाकघरातून निघणाऱ्या वाटा ठाऊक होत्या. पाहुण्यांना पुढे काढून स्वतः मागे थांबलेले अनेक आचारी स्वयंपाकघरातच मारले गेले. सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलगे त्याच इमारतीत दगावले आणि तरी ते आपल्या जागी उभे राहिले. धैर्य हवेत उगवत नाही. त्याला जागेची आणि कामाची ओळख लागते, वर्षानुवर्षे तेच काम मन लावून केल्यावर येणारी. नियंत्रण कक्षांत आणि सचिवालयांत ही ओळख सहसा नसते.

म्हणूनच या माणसांना शाल-श्रीफळ देऊन मोकळे होणे अपुरे आहे. हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिच्यापुढचा विषय पोलिसांचा प्रतिसाद हा होता आणि तो आवश्यकच होता. पण त्या रात्री स्थानकावर, रुग्णालयात, हॉटेलांत पहिला प्रतिसाद दिला तो पोलिसांच्या आधी तिथे असलेल्यांनी. काय चालले, काय अडले, कोणता दरवाजा बाहेरून बंद होता, कोणाचा फोन लागला नाही, हे त्यांना माहीत आहे. आजही मोठ्या रुग्णालयाचा आपत्ती आराखडा कोणी करतो तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकेला, कक्षसेविकेला आणि फाटकावरच्या रखवालदाराला त्या बैठकीत खुर्ची असते का? माझ्या मते त्यांच्या सन्मानाची सुरुवात त्या खुर्चीपासून व्हायला हवी.

शौर्याची दुसरी परीक्षा पुढे कित्येक महिने चालली, आणि ती अधिक एकाकी होती. साक्षीदार म्हणून उभे राहण्याची. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना एके-४७ ची नळी धरली आणि अंगावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडून दिले. म्हणून खटला उभा राहू शकला. साताऱ्याच्या केडंबे गावच्या या सहायक उपनिरीक्षकाचे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. पण पकडलेल्या आरोपीवर गुन्हा शाबीत करायचा तर माणसांनी न्यायालयात येऊन बोलावे लागते. ६०० हून अधिक साक्षीदार झाले. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात कुलथे आल्या. गणवेशात साक्ष देऊ द्या, अशी त्यांची विनंती होती, कारण त्या रात्री आपल्याला बळ दिले ते या गणवेशातल्या जबाबदारीने, असे त्या सांगतात. सीएसटीवर जीव धोक्यात घालून कसाबचे छायाचित्र टिपणारे सेबॅस्टियन डिसूझा आले. पायात गोळी लागली तेव्हा नऊ वर्षांची असलेली एक मुलगी कुबड्या घेऊन आली आणि तिने भर न्यायालयात कसाबकडे बोट दाखवले.

या मुलीची पुढची गोष्ट आपल्याला अस्वस्थ करायला हवी. घर मिळेल असे आश्वासन तिला दिले गेले होते. ते पुरे करून घेण्यासाठी तिला मोठी झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. ज्या मुलीच्या साक्षीचा राज्याने खटल्यात आधार घेतला, त्याच राज्याविरुद्ध तिला याचिका करावी लागते, यात आपल्या सन्मानाच्या पद्धतीतील दोष उघडा पडतो. समारंभाला माणूस बोलावला जातो, त्याचा फोटो निघतो, व्यासपीठावरून आश्वासन दिले जाते. पुढचा अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा हे सांगणारे मात्र कोणी नसते. नंतरची शस्त्रक्रिया, अपुरी झोप, बुडालेली रोजंदारी, शाळेतले वाया गेलेले वर्ष, यांतले काहीच त्या दिवशीच्या फोटोत दिसत नाही.

नरिमन हाउसमधून जेमतेम दोन वर्षांच्या मोशे होल्ट्झबर्गला उचलून बाहेर धावलेल्या सँड्रा सॅम्युअल यांची हकिकत वेगळी आहे. त्या सुखरूप लपल्या होत्या. वरून बाळाचा रडण्याचा आवाज आला म्हणून जिना चढून गेल्या. आईवडील मारले गेलेल्या त्या मुलाबरोबर त्या इस्रायलला गेल्या आणि २०१० मध्ये त्या देशाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. तिथे राहता यावे, काम करता यावे, मुलाच्या जवळ असता यावे, हे सारे त्या एका निर्णयातून साधले. पदकापेक्षा अशा सन्मानाचे मोल मला अधिक वाटते. त्या बाईच्या पुढच्या आयुष्याला काय लागणार आहे, याचा विचार कोणीतरी केला होता.

आपल्याकडे तरतूद नाही असे नाही. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र हे सन्मान सामान्य नागरिकांनाही देता येतात, हे फार थोड्यांना माहीत असते. १९८६ मध्ये कराचीच्या विमानतळावर अपहृत विमानात प्रवाशांना वाचवताना मारल्या गेलेल्या नीरजा भनोत यांना अशोक चक्र मिळाले. त्या लष्करात नव्हत्या, विमानातील कर्मचारी होत्या. मात्र तोही सन्मान मरणोत्तर होता. जीव वाचवणाऱ्यांसाठी जीवन रक्षा पदकेही आहेत. पण त्यांच्यासाठी शिफारस करायची तर कोणीतरी आधी नाव कळवावे लागते, घटना लिहून द्यावी लागते, कागद पुढे सरकवावा लागतो. पोलीस दलात किंवा सैन्यात हे करणारी यंत्रणा असते. चहावाल्यासाठी, हमालासाठी, आयाबाईसाठी ते कोण करणार?

आणि ज्यांचे नाव कळतच नाही त्यांचे काय? ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या झोपड्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली. त्या चादरींचीच झोळी करून त्यांनी जखमींना गाड्यांपर्यंत, रुग्णालयांपर्यंत नेले. ज्यांच्या घरात चादरी मोजक्याच, त्यांनी त्या दिल्या. त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. हे वीस वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देऊ नये, अशी माणसे आजही आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. आणि मारेकऱ्यांना अडवू पाहताना प्राण गमावलेला, पर्यटकांना घोड्यावरून फिरवून पोट भरणारा स्थानिक तरुण सय्यद आदिल हुसेन शाहही त्या सव्वीस जणांतलाच होता. आपल्या गिऱ्हाइकांना सोडून पळून जाणे त्याला शक्य होते. त्याने ते केले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये अंजली कुलथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे दूरचित्र माध्यमातून बोलल्या. हल्ल्यातून वाचलेल्यांची व्यथा जगाने ऐकली. आपल्या शहराने ती सविस्तर, सलग, लिहून घेण्याइतकी ऐकली आहे का? त्या रात्री कामावर असलेली पिढी आता निवृत्तीला आली आहे, काही जण निवृत्त झाले आहेत. त्यांच्याबरोबर ती माहितीही जाईल. राज्य पुराभिलेखागार फोर्टमध्येच आहे, सीएसएमटी आणि कामा रुग्णालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. उद्घोषक, परिचारिका, आयाबाई, आचारी, अग्निशमन दलाचे जवान, हमाल, टॅक्सीवाले यांच्या तपशीलवार मुलाखती ध्वनिमुद्रित करून, मराठी-हिंदीत उतरवून तिथे ठेवता येतील. सरकारने त्यासाठी थोडा निधी आणि दोन-चार चांगले अभ्यासक द्यावेत. त्या नोंदी कामा रुग्णालयाच्या नव्या परिचारिकांच्या आणि रेल्वेच्या नव्या उद्घोषकांच्या प्रशिक्षणात वाचल्या जाव्यात. बबन उघडे आणि भानू नारकर यांच्या घरच्यांपासून हे काम सुरू करावे, कारण त्या दोघांचे बोलणे आता कोणालाच ऐकता येणार नाही.