तात्या विंचूला नक्कल म्हणू नका

टपरीवर चहा घेताना पुन्हा तेच कानावर पडलं: ‘झपाटलेला’ म्हणजे ‘चाइल्ड्स प्ले’ची नक्कल.  म्हणून लिहितो, कारण हा अन्याय आहे.

मरता मरता मंत्राने बाहुल्यात शिरणारा खुनी महेश कोठारेंनी 1988च्या त्या चित्रपटातून घेतला, हे खरंच. पण तिथला चकी हा दुकानात मिळणारा बाहुला. सहा वर्षांच्या अँडीवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लहान आहे. 1993च्या ‘झपाटलेला’त कोठारेंनी त्या पोराच्या जागी लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) आणला आणि त्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद लावला. आता बाहुला बोलला तर कोण दचकणार? लक्ष्याच आवाज काढतोय, असंच सगळे धरून चालणार. रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव ओळखीचा असलेल्या मराठी घरांना हे समजावून सांगावंच लागलं नाही. इथला खुनी तात्या विंचू ज्यात शिरतो, तो बाहुला पाध्यांनीच घडवला आणि हलवला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. ज्या गोष्टीने लोक हसतात, तीच लक्ष्याच्या जिवावर उठते. विनोदी भयपटात याहून अवघड काही नाही. आणि लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतो ते मनापासून. त्या लाकडी चेहऱ्यातला अर्धा जीव त्याच्या डोळ्यांतून येतो.

उणिवा आहेत, आणि त्या ठळक आहेत. गाणी आली की भीती विरते. नायिकांना करायला फारसं काही नाही. सगळ्यात खटकतो तो शेवट. तिकडे काडी ओढून चकीला पेटवतो तो अँडी स्वतः. इकडे भुवयांच्या मधोमध गोळी घालतो इन्स्पेक्टर महेश. ज्याचा जीव टांगणीला लागला, त्या लक्ष्याच्या हाती शेवटी काहीच राहत नाही.

2013च्या दुसऱ्या भागात थ्रीडी आलं. चष्म्याने भीती वाढत नाही. त्या भागात बेर्डे नव्हता. 2004मध्येच तो गेला होता. ती पोकळी कुठल्याही तंत्राने भरली नाही.

शेवट कच्चा असूनही मराठीतल्या या प्रकारात ‘झपाटलेला’च्या वर मी काहीच ठेवत नाही, ‘झोंबिवली’सुद्धा नाही.