दूध नंतर, आधी ऑपरेशन

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात धान्य तिथे उंदीर, अन् उंदीर तिथे मांजरं. आपण वीकेंडला गावी जातो, वाटीभर दूध ठेवतो, फोटो काढतो... की सोमवारी परत ऑफिस! मांजरी मात्र पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, ९ आठवड्यांत विते. त्यातली कित्येक पिल्लं जगतच नाहीत.

मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांची नसबंदी सुरू केली. गावात कोण करणार? आपणच. दहा जणांनी महिना २०० रुपये काढले तर वर्षाचे २४,००० होतात. आधी व्हेटशी बोला, मग पिंजरा आणा. ऑपरेशनच्या वेळीच कानाचं टोक कापून घ्या, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडायला नको. हिशोब सगळ्यांना दाखवा. अडत्यांकडेही वर्गणी मागा. त्यांचं धान्य हीच मांजरं राखतात. पटतंय का?