इफ्तारच्या ताटात मूठभर जांभळा रंग

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी कॉलेजातून घरी आले, तर अम्मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. इफ्तारसाठी धुऊन ठेवलेल्या स्ट्रॉबेरीतली एक तिनं सहज तोंडात टाकली होती. आपला रोजा आहे, हेच ती विसरली होती. माझ्या लेकीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "नानी, विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंय." अम्मी शांत झाली. मी मात्र झाले नाही.

कारण प्रश्न रोजाचा नव्हताच. अम्मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वर्षभरापासून ती एकच गोष्ट दोनदा विचारते. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून विसरते. मगरिबची अजान होऊन गेल्यावरही "अजान झाली का?" म्हणून विचारते. डॉक्टरांना दाखवलं आहे, तपासण्या सुरू आहेत. दरम्यान भावानं परदेशातून मोबाइलवर एक संदेश धाडला: 'ब्लूबेरी खायला दे, मेंदू म्हातारा होत नाही.' मी मुकाट्यानं मॉलमध्ये गेले आणि चिमूटभर ब्लूबेरीची डबी जवळपास तीनशे रुपयांना घेऊन आले. आईच्या बाबतीत माणूस हिशेब करत नाही.

पण मी शिक्षक आहे. विद्यार्थ्यांना 'आधी वाचा, मग बोला' असं सांगते. म्हणून वाचायला बसले. जे हाती लागलं, ते या महिन्यात तुमच्यापुढे ठेवावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एक अम्मी, एक दादाजान असतात.

भावाचा संदेश अगदीच हवेतला नव्हता. अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणारा एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या १६ हजारांवर स्त्रियांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रिया अनेक वर्षं आठवड्यातून एकदा तरी अर्धा कप ब्लूबेरी किंवा दोनदा अर्धा कप स्ट्रॉबेरी खात होत्या, त्यांच्या स्मरणशक्तीची घसरण इतरांपेक्षा संथ दिसली. हा फरक वयाच्या भाषेत अडीच वर्षांपर्यंतचा होता. २०१५ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस यांनी मेंदूच्या आरोग्यासाठी 'माइंड' नावाचा आहार मांडला. त्यात फळांपैकी बेरींनाच वेगळं स्थान दिलं आहे.

यात पोटातल्या जिवाणूंचा काय संबंध? मला तर हाच भाग सर्वांत रंजक वाटला. जांभूळ, तुती, काळी द्राक्षं, स्ट्रॉबेरी यांना लाल-जांभळा रंग देणारी द्रव्यं म्हणजे अँथोसायनिन. आपण ती खातो, पण त्यातली बरीचशी लहान आतड्यात शोषलीच जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात पोचतात. तिथं अब्जावधी जिवाणू त्यांची वाट पाहत असतात. ते या द्रव्यांचे लहान लहान तुकडे करतात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. फळांतला चोथा, म्हणजे फायबर, त्याच जिवाणूंचं अन्न आहे. तो आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात आणि शरीरातला दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात. म्हातारपणी मेंदूची जी झीज होते, तिच्यात अशा रेंगाळणाऱ्या दाहाचा हात असावा, असं संशोधकांना वाटतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर आतड्यातले जिवाणू काढून टाकल्यावर मेंदूतल्या संरक्षक पेशींची वाढच नीट झाली नाही.

थोडक्यात, फळ आपण खातो, पण त्याचा मोठा वाटा आपले हे मेहमान शिजवतात आणि मग आपल्याला वाढतात. प्रत्येकाच्या पोटातले आचारीही वेगळे. डाळिंब आणि स्ट्रॉबेरीतल्या काही द्रव्यांपासून युरोलिथिन नावाचे उपयुक्त पदार्थ बनतात, पण ते बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, ते यामुळेही.

इथपर्यंत वाचून कुणी ब्लूबेरीच्या कॅप्सूल मागवायला निघालं असेल, तर थोडं थांबा. परिचारिकांचा अभ्यास निरीक्षणाचा होता. बेरी खाणाऱ्या बाईचं शिक्षण, मिळकत, व्यायाम हेही बरं असू शकतं. संशोधक त्याचा हिशेब करतात, पण तो पूर्ण कधीच होत नाही. म्हणून 'माइंड' आहाराची थेट परीक्षा घेतली गेली. डिमेन्शियाची कौटुंबिक पार्श्वभूमी असलेल्या ६०४ ज्येष्ठांना दोन गटांत विभागून तीन वर्षं पाहिलं. २०२३ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांची कामगिरी थोडी सुधारली, पण त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. नुसत्या बेरींवरचे प्रयोग झाले आहेत, काहींत आशादायक चिन्हंही दिसली, पण ते लहान आणि काही आठवड्यांचे आहेत. गेलेली आठवण फळानं परत येते, असं कुठल्याही अभ्यासानं दाखवलेलं नाही. हे वाक्य मला माझ्यासाठीच दोनदा वाचावं लागलं.

मग माझं म्हणणं काय? बेरी सोडा असं नाही. तिला औषध समजू नका, ताटातली सवय समजा. आणि ती सवय तीनशे रुपयांच्या डबीची असायची गरज नाही.

उर्दूतलं 'बेर' म्हणजे मराठीतलं बोर. इंग्रजीतल्या बेरीशी त्याचं नातं नाही, नुसता आवाजाचा योगायोग. पण आपल्याकडची खरी बेरी पाहायची तर जांभूळ पाहा. ब्लूबेरीचा निळसर-जांभळा रंग ज्या घराण्याचा, त्याच अँथोसायनिन घराण्याचा जांभळाचा रंग. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला तर भौगोलिक मानांकन आहे. २०१६-१७ मध्ये रमजान जूनमध्ये आला होता, तेव्हा इफ्तारच्या हातगाड्यांवर जांभळं असायची, हे अनेकांना आठवत असेल. आपलं कॅलेंडर दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतं, तसं ताटातलं फळही बदलतं. आता रमजान थंडी सरताना येतो. आमच्या साताऱ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी गल्लीत येते. काळी द्राक्षं आहेत, तुती म्हणजे शहतूत मिळतात, डाळिंब आहे. पुढं उन्हाळ्यात डोंगराची करवंदं येतील. परिचारिकांच्या अभ्यासातली आठवड्याची दोन-तीन मुठी फळं साध्या पगाराच्या घरालाही पेलवतात.

आता थोडं कडू बोलते. आपल्या इफ्तारच्या दस्तरखानवर फळ असतं, पण त्याची अवस्था काय असते? फ्रूट चाटमध्ये वरून साखर. रस काढून चोथा फेकलेला, म्हणजे जिवाणूंचा घास आधीच कचऱ्यात. शेजारी गुलाबी सरबताचे गोड ग्लास, आणि भजी-समोशांचा डोंगर. चौदा तासांच्या सब्रनंतर पहिल्या पंधरा मिनिटांत आपण जे करतो, त्यावर दोन स्ट्रॉबेरींचा उतारा चालत नाही.

मेंदूसाठी तर हे अधिकच खरं. डिमेन्शियावरच्या लॅन्सेट आयोगानं २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, तंबाखू आहे, वाढलेलं कोलेस्टेरॉल आहे. कमी होत गेलेलं ऐकू येणं आणि एकटेपणाही आहे. बेरी न खाणं हे कारण त्या यादीत नाही. म्हणजे अब्बांचं कानाचं यंत्र लांबणीवर टाकून त्यांना महागड्या गोळ्या आणणं हे उलटं गणित झालं. साखरेचा आजार असलेल्यांनी तर रोजे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.

एक विनंती मशिदीत इफ्तार पाठवणाऱ्यांनाही. तळलेल्याचं एक ताट कमी करा आणि त्या पैशात हंगामाचं अख्खं, धुतलेलं फळ पाठवा. तिथं रोजा सोडायला बसणाऱ्या मजुराच्या, हमालाच्या ताटात फळ क्वचितच येतं. त्याच्याही घरी म्हातारी आई आहे.

आमच्या घरी आता एवढंच बदललं आहे. खजुरानंतर एक वाटी स्ट्रॉबेरी किंवा द्राक्षं, साखरेशिवाय. सरबत अर्धा ग्लास. अम्मीच्या कानांची तपासणी झाली. तरावीहनंतर लेक तिच्याजवळ बसते आणि जुन्या गोष्टी विचारते. अम्मी त्या पुन्हा पुन्हा सांगते, आणि लेक दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते. यातलं काय अम्मीच्या मेंदूला किती उपयोगी पडेल, मी सांगू शकत नाही. काल इफ्तारला तिनं वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "तूही खा. तुझंही वय होतंय."

मी खाल्ली.