साहेबांना पाठवून द्या!

"वहिनी, साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो." गाडी चालवणाऱ्या किती जणींनी गॅरेजात हे वाक्य ऐकलंय? मी दोनदा ऐकलं, तेही एकाच दुखण्यासाठी.

आमची ओम्नी जुनी. 2019 साली ही गाडी निघायची बंद झाली, तरी गावोगावी ती धावतेच आहे. माझे जेवणाचे डबे तिच्यातूनच जातात. एकदा चढावर काटा वर गेला, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला. मग रोज पाणी कमी व्हायचं, पण गळती कुठे दिसेना. ऑईलच्या झाकणाला आतून सायीसारखा थर! हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधला हा पातळ थर. आपल्या कुकरची रिंगच म्हणा ना. फरक इतकाच, की याला दाबाबरोबर ऑईल आणि पाणीही वेगवेगळं ठेवावं लागतं.

पहिल्या खेपेला साहेबांना समजावलं गेलं. पैसे मात्र गेले डब्यांच्या कमाईतले. दोन महिन्यांत परत तोच धूर, कारण नुसतं नवं गॅस्केट बसवलं होतं. इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. वाकड्या झाकणाला नवी रिंग लावून कुकरची शिट्टी होते का? हेड सपाट आहे का ते पट्टी लावून तपासायचं, नसेल तर मशीनवर फेसिंग करून घ्यायचं. बोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनं आवळायचे. आणि मुळात गाडी तापली का? थर्मोस्टॅट, पंखा, होस पाईप, रेडिएटर, सगळं बघायला हवं.

दुसऱ्या खेपेला मी स्टूल मागून तिथेच बसले. "हेड फेसिंगला पाठवलं का?" एवढंच विचारलं. मिस्त्री चपापला. पण खरं सांगू, माणूस कामाला वाईट नव्हता. विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून चाललं होतं. त्यात चूक आपलीही आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. रोज त्यावर बसायचं आपण, आणि त्याच्याबद्दल बोलायचं मात्र घरच्या पुरुषांनी, हे काही मला पटत नाही.

संध्याकाळी फोन माझ्याच मोबाईलवर आला. "वहिनी, ऑईल बदललंय, कूलंट भरलंय. काटा चढला तर लगेच बाजूला घेऊन बंद करा. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका."