सिताऱ्यांची गप्प बसण्याची युक्ती आपल्या मोहल्ल्यात चालत नाही

लातूरकरांसाठी रितेश देशमुख म्हणजे घरचाच पोरगा, बाभळगावचा. सप्टेंबर २०२३ मध्ये जेनेलिया पुन्हा आई होणार अशी बातमी फिरली. पुरावा काय, तर एका कार्यक्रमातल्या व्हिडिओत तिचा हात पोटावर होता! रितेशने पत्रक काढले नाही की प्रवक्ता पुढे केला नाही. इन्स्टाग्रामवर स्वतःच लिहिले की आणखी दोन-तीन मुले झाली तरी हरकत नाही, पण ही बातमी खरी नाही. लोक हसले, विषय मिटला.

प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांचे गणित साधे असते. उत्तर दिल्याने अफवा मरेल की आणखी पसरेल? किरकोळ असेल तर गप्प बसायचे, कारण उद्या दुसऱ्या कुणाची अफवा येतेच. सिनेमा तोंडावर असेल तर ‘आम्ही फक्त चांगले मित्र’ म्हणायचे, म्हणजे नकारही झाला आणि चर्चाही चालू राहिली.

इज्जतीवर आले की मात्र वकील लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये ए. आर. रहमान आणि सायरा वेगळे होत असल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास रहमान यांच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या एका कलाकार महिलेनेही आपला संसार मोडल्याचे सांगितले. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. रहमान यांच्या वकिलांनी चोवीस तासांत मजकूर काढा, अशी नोटीस काढली. पण आम्हाला वाटते, खरा परिणाम सायरा यांनी स्वतःच्या आवाजात पाठवलेल्या संदेशाचा झाला. त्यात त्यांनी रहमान यांची बदनामी थांबवा, असे सांगितले होते.

त्याच वर्षी जूनमध्ये सानिया मिर्झा आणि मोहम्मद शमी यांच्या निकाहची अफवा उठली. वडील इम्रान मिर्झा यांनी सरळ सांगून टाकले की दोघे भेटलेलेही नाहीत.

आता नांदेडच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीचा फोटो कुणीतरी भलत्याच मजकुरासह ग्रुपवर टाकला तर? घरचे म्हणतात, गप्प बसा, बात वाढेल. बाहेरचे म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघतो का! सिताऱ्याची अफवा आठवड्यात जुनी होते. हिची अफवा मोहल्ल्यात तशीच पडून राहते आणि रिश्ता आला की बरोबर वर येते. म्हणून इथे इम्रान मिर्झांचाच रस्ता बरा. बापाने, भावाने लगेच, त्याच ग्रुपवर, दोन वाक्यांत ‘हे खोटे आहे’ म्हणावे. मुलीलाच उलटतपासणीला उभे करू नये.

मेसेज डिलीट होण्याआधी तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फोटोत छेडछाड असेल तर सायबर पोलिसांकडे जा. नुसती बदनामी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. मात्र त्यासाठी थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. आणि मेसेज पुढे ढकलणाराही त्यात अडकू शकतो.